यज्ञेश्वररावांची शिलाई

माझी धाकटी बहीण हेमा हिचा नवरा माणूस म्हणून चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते सांगायला जागा मिळेलच असं नाही. यज्ञेश्वर पोंक्षे हे त्यांचं नाव. पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे जिथे तयार होतात ती जागा, आणि तिथली माणसं म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातल्या एकावरून भांडणारी जमात. यज्ञेश्वरराव त्या जमातीचे पुढारी होते. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो फक्त दुसऱ्याला झापताना.

नव्व्याण्णव साली त्या कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्याच्यामागून कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि यंत्रांच्या मागून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. त्यात स्वेच्छा नेमकी कोणाची, हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी यज्ञेश्वरराव कोथरूडच्या फ्लॅटमध्ये घरी बसले. हेमा बँकेत नोकरीला, ती सव्वानऊच्या बसने जायची. मुलगी तनया सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलेली, तिला न्यायला साडेसातलाच गाडी यायची. त्यानंतर घरात यज्ञेश्वरराव आणि वस्तू एवढेच उरायचे. वस्तूंनी बरंच सोसलं. पहिल्या महिन्याअखेर घरातलं एकही दार करकरत नव्हतं, एकही नळ गळत नव्हता, आणि मिक्सर इतक्या गुपचूप चालायचा की हेमा झाकण काढून आत बघायची. दुसऱ्या महिन्यात दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही, म्हणून त्यांची नजर पायमशीनवर गेली.

हे शिवणाचं मशीन आमच्या आईने हेमाला लग्नात दिलेलं. हेमाने त्यावर तनयासाठी दोन झबली शिवली आणि मग बावीस वर्षं त्यावर टेलिफोन ठेवला. यज्ञेश्वररावांनी टेलिफोन खिडकीत हलवला, मशीनचा स्क्रू न स्क्रू सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला, रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, मोजला. आठव्या दिवशी सगळं परत जोडून पट्टा चढवला आणि पायाने चालवून बघितलं, तर आवाजच येईना. इतकं चांगलं यंत्र रिकामं ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवणकाम सुरू झालं ते असं. हौस, छंद, निवृत्तीतला विरंगुळा यांपैकी काहीही त्यात नव्हतं. यंत्राला काम हवं होतं.

पहिलं काम उशांच्या अभ्र्यांचं. त्यांनी उशी चारी बाजूंनी मोजली आणि तेवढाच अभ्रा शिवला. तेवढाच म्हणजे अगदी तेवढाच. उशी आत घालायला बाप आणि लेक अशी दोन माणसं लागली, आणि एकदा गेली ती गेलीच. धुवायला अभ्रा काढायचा तर उसवावा लागेल हे लक्षात आल्यावर यज्ञेश्वररावांनी हेमाला उशी अभ्र्यासकट धुण्याचा सल्ला दिला. त्या डिसेंबरात एकतीस तारखेला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून तनयाच्या ऑफिसात धावपळ चालली होती. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. पोंक्ष्यांच्या घरातली झोप मात्र बंद पडली, कारण त्या उशीवर डोकं ठेवणं आणि पाटावर ठेवणं यात फारसा फरक नव्हता.

मग माझी पाळी आली. मी चहाला म्हणून गेलो होतो. यज्ञेश्वररावांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, "श्वास सोडा आणि हलू नका" असं बजावलं आणि सव्वीस मापं घेतली. दंडाचा घेर घ्यायला यंत्रांचे भाग मोजायचा व्हर्निअर लावला. माझ्या दंडाला त्याआधी तो मान कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या कागदावर नकाशा काढला. वरून दृश्य, समोरून दृश्य, बाजूने दृश्य. मी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवत होतो, तरी मला त्यात शर्ट सापडेना. खाली कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं होतं: 'काम: हाफ शर्ट. नग: एक. तपासणी: स्वतः.'

शर्ट तयार झाला आणि खरं सांगतो, आरशात मी इतका बरा कधी दिसलो नव्हतो. तो घालून शाळेत गेलो. आठवी ब च्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढायला हात वर केला, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बटणाने एकदमच राजीनामा दिला. काखेतली शिवण त्यांच्या पाठोपाठ गेली. आठवी ब ने त्या दिवशी भूमितीच्या तासाला पहिल्यांदा मन लावून फळ्याकडे बघितलं.

"यज्ञेश्वरराव, हात वर केला की शर्ट फाटतो," मी संध्याकाळी जाऊन सांगितलं.

"मापं घेताना तुम्ही हात वर केला होतात का?"

"नाही."

"मग शर्टाने तो कुठे सामावून घ्यायचा, श्यामसुंदरराव?"

मी चहा पिऊन घरी आलो. पुढच्याच आठवड्यात हेमा त्यांनी शिवलेला ब्लाउज घालून बँकेत गेली. काउंटरवरून वाकून एका आजोबांना पासबुक देताना पाठीवरची शिवण वरपासून खालपर्यंत सुटली, आणि हिने संध्याकाळी साडेपाचपर्यंत पदर लपेटून खातेदारांना तोंड दिलं. घरी आल्यावर तिने पर्स खुंटीला अडकवली आणि नियम जाहीर केला.

"अहो, तुम्ही शिवा. मी घालीन. पण घरात. उंबऱ्याबाहेर तुमचं शिवलेलं काहीही जाणार नाही."

"बाबा, सेम हिअर," तनया म्हणाली. "घरी मी काय वाट्टेल ते घालेन. ऑफिसला प्लीज नको हं."

मी नियम वगैरे जाहीर केला नाही, पण पाळायला लागलो. यज्ञेश्वररावांनी मला दुसरा शर्ट शिवून दिला तो मी पायजम्यावर घरातच घालत असे. आठवी ब ला पुन्हा सामोरं जायचं धाडस माझ्यात नव्हतं.

यज्ञेश्वरराव हे सगळं ऐकूनही शिवत राहिले. गाऊन, पायजमे, परकर, तनयाचे रात्रीचे कपडे. घरातली माणसं दिवाणखान्यात त्यांच्या कपड्यांत वावरायची आणि बाहेर जायची वेळ झाली की आत जाऊन बदलून यायची. हे दर वेळी त्यांच्यासमोर घडायचं. मला ते त्यांच्या तोंडून कळलं तेव्हा आम्ही तुळशीबागेत हुकांचं पाकीट घ्यायला उभे होतो. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, म्हणून यांना बोलायला सवड मिळाली.

"सत्तावीस वर्षांत माझं एक काम परत आलं नाही," ते हुकांकडे बघत म्हणाले. "माझ्या साच्यांतून निघालेले भाग घेऊन गाड्या देशभर फिरतायत. आता मी केलेली वस्तू जिन्याच्या पायऱ्या उतरत नाही. तुम्ही नाही घातलंत तरी चालेल हो. हेमाने एकदा माझं शिवलेलं घालून दाराबाहेर जावं, एवढंच."

मला शरम वाटली. पण हूक घेऊन घरी आल्यावर मी तो शर्ट पुन्हा घरातच घातला, हेही खरं.

त्यांच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत सुनीतीबाईंचा शिवणवर्ग होता. दारावर पाटी होती: 'फक्त महिलांसाठी. चपला बाहेर, गप्पा त्याहून बाहेर.' यज्ञेश्वरराव एक दिवस माझा फाटका शर्ट घेऊन तिथे गेले.

"पाटी वाचता येते ना?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"येते. डावीकडे थोडी उतरली आहे. सरळ करून देऊ का?"

पाटी सरळ झाली. मग आतून मशीनचा खडखडाट ऐकून त्यांना राहवेना, म्हणून चार दिवसांत वर्गातली सहाच्या सहा मशीनंही सरळ झाली. त्याबद्दल सुनीतीबाईंनी त्यांना कोपऱ्यात एक स्टूल दिलं, चौदा बायकांकडे पाठ करून बसायच्या अटीवर. आणि माझा शर्ट हातात घेऊन उलटासुलटा केला.

"पोंक्षे, हा माणसासाठी शिवलाय की फोटोसाठी?"

"मापं अचूक आहेत."

"तोच घोटाळा आहे. माणूस जेवतो, वाकतो, शिंकतो. त्याची सोय कापडात करावी लागते. छातीला चार इंच सैल सोडायचं. शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड ठेवायचं, म्हणजे माणूस सुटला तरी उसवून वाढवता येतं."

यज्ञेश्वररावांनी शर्ट परत घेऊन काखेतली शिवण उलटी करून बघितली. मग म्हणाले, "दोन भाग एकमेकांत फिरायला हवे असतील तर मध्ये जागा सोडावी लागते. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

"मग सोडली का नाहीत?"

सोडली नाही, कारण माणूस हा फिरणारा भाग आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं म्हटल्यावर त्यांनी ते धरून ठेवलं. आम्हा सगळ्यांची मापं नव्याने झाली: श्वास घेऊन, श्वास सोडून, खुर्चीत बसून, मांडी घालून, हात वर करून आणि माझ्या बाबतीत तर जेवणाआधी आणि जेवणानंतर. त्याचा तक्ता झाला. कपडे खरोखरच सुधारले. मात्र सुनीतीबाईंशी त्यांचा एक वाद मिटला नाही. त्या शिकवायच्या की कापड दुमडायचं, अर्ध्या अंगाचं बेतायचं आणि कातरायचं. घडी उघडली की दोन्ही बाजू सारख्या निघतात.

"पण माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, हे तपासलंय कोणी?" यज्ञेश्वररावांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

वर्ग हसला. सुनीतीबाई हसल्या नाहीत. "तीस वर्षं हेच शिकवतेय, पोंक्षे. अजून एकाही बाईने एक बाजू परत आणून दिलेली नाही."

यज्ञेश्वररावांना ते पटलं नाही. टूलरूममध्ये समोरच्या वस्तूच्या दोन बाजू सारख्या आहेत असं कोणी म्हटलं, तर आधी दोन्ही मोजतात आणि मग म्हणणाऱ्याकडे बघतात. पुढच्या दिवाळीनंतर माझ्या मुलाचं, केदारचं, लग्न ठरलं. हेमा त्याची आत्या, म्हणजे तिची धावपळ माझ्यापेक्षा जास्त. धावपळीत घालायला दोन सुती ब्लाउज हवेत असं ती म्हणाली, अर्थात घरात घालायला. यज्ञेश्वररावांनी तिला दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं, पंख्याच्या हुकाला गवंडी वापरतात तसला ओळंबा बांधून तिच्या पाठीमागे सोडला आणि मोजायला सुरुवात केली. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

"तुझा उजवा खांदा नऊ मिलिमीटर खाली आहे," त्यांनी जाहीर केलं.

दहा मिनिटांनी मला फोन. "दादा, तू आत्ताच्या आत्ता ये आणि यांच्या हातातून ती पट्टी काढून घे. चोवीस वर्षं संसार केला आणि आज यांना दिसलं की मी वाकडी आहे."

मागून यज्ञेश्वररावांचा आवाज ऐकू आला, "वाकडी नाही म्हटलं मी. फक्त उजवीकडे उतरती."

मी गेलो. हेमा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, आणि घासल्यापेक्षा आपटत जास्त होती. यज्ञेश्वरराव दिवाणावर फोटोंचे सगळे अल्बम पसरून बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एकेका फोटोवर बोट ठेवायला सुरुवात केली. माझ्या घराची वास्तुशांत: सगळे हसतायत आणि हेमाचा डावा हात उजव्या खांद्यावर. केदारची मुंज: हात खांद्यावर. आमच्या धाकट्या चुलतभावाचं लग्न: पुन्हा तेच. प्रत्येक फोटोत ती ब्लाउज खांद्यावर वर ओढत होती. आम्ही सगळे इतकी वर्षं ती तिची लकब समजत होतो. ती स्वतः टेलरला दोष द्यायची, आणि तेवढ्यासाठी तिने सहा टेलर बदलले होते.

"आता हा बघा," म्हणून त्यांनी स्वतःच्या लग्नाचा फोटो काढला. त्यात हेमाचे दोन्ही हात खाली होते.

"तनयाच्या पाचव्या वाढदिवसापासून पुढे हात वर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "उजव्या खांद्यावर पर्स, डाव्या हातात बसची दांडी. पर्समध्ये डबा, छत्री, पाण्याची बाटली, येताना दोन किलो भाजी. दोन दोन बस बदलून उभ्याने यायची, श्यामसुंदरराव. मला न्यायला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, बसायला जागा असायची. दूध आणि भाजी कुठून येते हे मी कधी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं लोखंड मोजत बसलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. जरा वेळाने हेमा दारात आली. पदराला हात पुसत म्हणाली, "चहा टाकतेय. दोघंही घेणार ना?" पुण्यात तह झाला की तो असाच जाहीर होतो.

यज्ञेश्वररावांनी सुती ब्लाउज शिवला तो घडी न घालता, दोन बाजू वेगवेगळ्या बेतून. डावा खांदा एका मापाचा, उजवा दुसऱ्या. टेबलावर ठेवला की तो इतका तिरपा दिसायचा की सुनीतीबाईंनी बघून नुसतीच मान हलवली. हेमाने रविवारी सकाळी तो घातला. लाडवांचं बेसन भाजलं, पाहुण्यांची यादी केली, माळ्यावरून पातेली काढली. संध्याकाळी यज्ञेश्वररावांनी विचारलं, "कसा आहे?"

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्यांनी मला फोन करून ते शब्द जसेच्या तसे सांगितले. मी माझ्या बहिणीला सत्तेचाळीस वर्षं ओळखतो. तिने नवऱ्यालाही पहिल्या भेटीनंतर 'बरे आहेत' एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे 'ठीक आहे' ही काही लहान गोष्ट नव्हती.

चार दिवसांनी सकाळी यज्ञेश्वरराव मशीनपाशी गेले, तर त्यावर एक कापडाचा तुकडा घडी करून ठेवलेला. केदारच्या लग्नासाठी हेमाने घेतलेल्या पैठणीचा तो ब्लाउजपीस होता. जांभळा, काठावर जर. असा दुसरा मिळण्यासारखा नव्हता. हेमा काही न बोलता बँकेत निघून गेली होती. घालीन, असंही म्हणाली नव्हती आणि नाही, असंही.

ते कापड त्यांनी तीन दिवस नुसतं बघितलं. मग जुन्या चादरीचा एक ब्लाउज शिवून बघितला, तो उसवला, दुसरा शिवला. सुनीतीबाईंकडे जाऊन रेशमावर सुई कुठल्या नंबरची लागते ते विचारून आले. कातरायच्या दिवशी अंघोळ करून, दाराला आतून कडी लावून बसले. मी नेमका लग्नपत्रिका द्यायला गेलो होतो. आतून म्हणाले, "पत्रिका दाराखालून सरकवा आणि जा." मी वराचा बाप होतो. पण सरकवली आणि गेलो.

लग्न माघातलं, कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. केदार आणि पूर्णिमा दोघंही सॉफ्टवेअरमधले, दोघांना मिळून नऊ दिवसांची रजा, त्यामुळे गुरुजींनाही सगळे विधी आखून दिलेल्या वेळात बसवावे लागत होते. सकाळी देवकाच्या वेळी हेमा दुसऱ्याच साडीत होती. तनया मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मामा, आईच्या बॅगेत पैठणीवरचे दोन ब्लाउज आहेत. एक बाबांचा, एक टेलरकडून गुपचूप शिवून आणलेला. बॅकअप घेतलाय तिने."

"बाबांना माहीत आहे?"

"बॅग त्यांनीच भरली."

यज्ञेश्वररावांना गाठलं तर ते शांतपणे म्हणाले, "शहाणपणाचं आहे. मीसुद्धा हेच केलं असतं." पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि हातातल्या अक्षता मुठीत इतक्या दाबल्या होत्या की तांदळाचं पीठ व्हायचं बाकी होतं.

साडेअकराला गुरुजींनी आत्याला बोलावलं. आत्या कुठे दिसेना. मी शोधत निघालो, तर वधूवरांच्या खोल्यांच्या बोळात एका बंद दारासमोर यज्ञेश्वरराव उभे. "वीस मिनिटं झाली आत जाऊन," ते म्हणाले. आत बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. माझ्या मुलाच्या लग्नाला जेमतेम दहा मिनिटं उरली होती आणि मी बहिणीने कुठला ब्लाउज निवडला ते कळावं म्हणून बोळात श्वास रोखून उभा होतो. मला त्याची लाज वाटली नाही, कारण या माणसाला त्या दाराआडून काय हवं आहे हे मला माहीत होतं.

दार उघडलं. हेमाने यज्ञेश्वररावांचाच ब्लाउज घातला होता. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चला, सगळे खोळंबलेत," म्हणून ती पुढे निघाली. यज्ञेश्वरराव तिच्या मागून, तिच्या उजव्या खांद्यावर नजर ठेवून, वाटेत तीन माणसांच्या पायांवर पाय देत मांडवापर्यंत आले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, केदारचं लग्न लागलं. यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. हेमाने मात्र त्या गर्दीत ओट्या भरल्या, नमस्कार केले, वाकली, हात उंच करून दूर उभ्या बायकांना बोलावलं. ब्लाउज जागचा हलला नाही.

जेवणाच्या वेळी आमच्या व्याह्यांकडच्या कौशल्याबाई हेमापाशी आल्या. या पूर्णिमाच्या मावशी, सांगलीच्या. सकाळपासून त्यांनी कार्यालयाच्या पायऱ्या उंच आहेत, मठ्ठा पातळ आहे आणि आमचे गुरुजी घाई करतात अशी तीन मतं दिली होती, आणि आम्ही वरपक्ष असूनही ती निमूटपणे ऐकली होती. त्यांनी हेमाभोवती एक फेरी मारली. मग तिच्या उजव्या खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवून ते हळूच पुढेमागे फिरवलं. चार पावलांवर यज्ञेश्वरराव हातात मठ्ठ्याचा पेला घेऊन उभे होते आणि तो पेला वाटेतच थांबला होता.

"असा बसलेला ब्लाउज मी बघितला नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "कुठे शिवलात?"

"इथेच. कोथरूडला."

"मला नाव सांगा त्या टेलरचं. पूर्णिमाचे चार शिवून घ्यायचे आहेत."

हेमाने चोवीस वर्षांत नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. घरात 'अहो', बाहेर 'हे', बँकेत 'आमच्याकडचे'. त्या पिढीच्या आमच्या घरांतल्या बायका अजून तसंच म्हणतात.

"यज्ञेश्वर पोंक्षे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण ते बाहेरची कामं घेत नाहीत."

यज्ञेश्वरराव पेला बाजूच्या टेबलावर ठेवायला गेले तर तो टेबलाच्या काठावरून खाली पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा अंदाज चुकला होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने भिंतीकडे वळलो आणि डोळे पुसले. समोर उभ्या असलेल्या व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुलाच्या लग्नात बापाचं असंच होतं हो." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.